सरळपणाचा दाखला

छायाचित्र कलते तेव्हा नेमके काय कललेले असते, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरीचा आहे. परंतु जुन्या मंदिरांची आणि मूर्तींची छायाचित्रे संगणकावर घेऊन ती मोजण्याचे व सरळ करण्याचे काम ज्याने मन लावून केले आहे, त्याला तो फार दिवस कारागिरीच्या हद्दीत कोंडून ठेवता येत नाही. कारण सरळ करण्यापूर्वी सरळ कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवू लागताच आपण ज्या वादात शिरतो तो वाद आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके घातलेला आहे. ज्ञान खरे कशावरून, दोष पाहणाऱ्यात की पाहिलेल्यात, आणि ज्या मापाने आपण जगाला मापतो त्या मापाला कोणी मापावे, हे ते प्रश्न होत. एक-दोन अंशांनी कललेल्या चित्राच्या निमित्ताने ते पुन्हा समोर येतात, आणि यावेळी उत्तर नुसते मनात धरून भागत नाही. हाताने काहीतरी करावे लागते.

फोटोशॉपमध्ये मोजपट्टीचे एक साधन आहे. पूर्वी त्याला 'मेजर' म्हणत, पुढे 'रूलर' म्हणू लागले. क्षितिजावर, उंबऱ्यावर अगर खांबाच्या कडेवर त्याने एक रेषा ओढली की तिचा कोन दशांशासह वरच्या पट्टीत उमटतो, आणि 'स्ट्रेटन' या शब्दावर टिचकी मारताच सबंध चित्र उलट दिशेस फिरून ती रेषा आडवी अगर उभी होऊन बसते. गिम्पमधल्या मोजणीच्या साधनालाही आता हीच सोय जोडलेली आहे. यामागचे गणित शाळकरी आहे: रेषेच्या दोन टोकांमधला चढ तिच्या आडव्या पल्ल्याने भागायचा आणि त्या भागाकारावरून कोन काढायचा. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रात एका अंशाचा कल म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १०५ पिक्सेलांची चढउतार होय. शंभर पिक्सेलांचीच रेषा ओढली आणि तिचे एक टोक पिक्सेलभर चुकले, तर कोनात अर्ध्या अंशाहून अधिक चूक पडते; तीन हजार पिक्सेलांची ओढली, तर तीच चूक अंशाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर येते. म्हणून जाणता संपादक चित्रातली मिळेल ती सर्वांत लांब कड धरतो. हे सारे बिनचूक आहे. पण ज्या वस्तूवर ती रेषा ओढली ती वस्तू मुळात सरळ होती याला दाखला कोणता, हे यंत्र विचारीत नाही. रेषेला अधिकार मनुष्य देतो. यंत्र हुकमाची तामिली करते, आणि ती इतक्या तत्परतेने करते की हुकूम देणाऱ्याला आपण काही हुकूम दिला याचेही भान राहत नाही.

एखाद्या हेमाडपंती मंदिराच्या सभामंडपाचे छायाचित्र घ्यावे. चुन्यावाचून, केवळ खाचा आणि वजन यांच्या बळावर बसवलेले काळ्या पाषाणाचे थर सात-आठशे वर्षांत कोठे खचलेले असतात, कोठे पिंपळाच्या मुळांनी फुगवलेले असतात. चित्रात डावा खांब अर्धा अंश उजवीकडे झुकलेला दिसतो, उजवा खांब तितकाच डावीकडे. गर्भगृहाच्या दारावरची शिळा, जिच्या मधोमध गणपती कोरलेला असतो, ती एका बाजूस किंचित उतरलेली. आणि खाली जोत्याचा थर तिसऱ्याच कोनात. रेषा ओढण्याजोगी चार स्थळे, आणि चारांची चार उत्तरे. डाव्या खांबाच्या साक्षीवरून चित्र फिरवले, तर उजवा खांब आधी होता त्याच्या दुप्पट ढळतो. येथे घाईने टिचकी न मारता जो विचार करील त्याच्या ध्यानात येईल की दोन्ही खांबांचे एकमेकांकडे सारखेच झुकणे हा खांबांचा गुण नव्हे. वरचे छत चौकटीत यावे म्हणून छायाचित्रकाराने कॅमेरा वर उचलून धरला, त्याचे ते फळ आहे. अशा चित्रात खरी उभी दिशा एकाही खांबाची नसते. ती दोघांच्या मध्यावर असते, आणि तो मध्य जर आधीच लंब असेल तर चित्र मुळीच फिरवायचे नसते, केवळ त्याचा यथादर्शन दोष निराळ्या उपायाने काढायचा असतो. तोही काढून झाल्यावर दारावरची शिळा जर अजून कललेलीच राहिली, तर तो कल शिळेचा स्वतःचा आहे असे म्हणण्यास आपल्याला प्रथमच अधिकार प्राप्त होतो.

छायाचित्रावरून वास्तू मोजण्याची विद्या स्वतःही एका देवालयातच जन्मली, हे येथे सांगितले पाहिजे. जर्मनीतील वेट्झलार येथील मोठ्या चर्चची मोजणी १८५८ साली करीत असता अल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण स्थापत्यविशारद उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंतीवर चढून जे मोजायचे ते भिंतीच्या छायाचित्रावरून मोजता येणार नाही काय, या विचाराने त्याला जन्मभर पछाडले. त्याच्या शास्त्राची पहिली अट हीच होती की कॅमेरा कोठे होता, कोणत्या दिशेस होता आणि किती कलला होता हे आधी ठाऊक असावे. पाहणाऱ्याची स्थिती कळल्यावाचून पाहिलेल्याचे माप नाही.

भट्ट कुमारिलांनी मीमांसेच्या बाजूने ज्ञानाविषयी जो सिद्धांत मांडला, तो या कामात मला अन्य कोणत्याही सिद्धांताहून अधिक उपयोगी वाटतो. त्यांचे म्हणणे असे की ज्ञान उत्पन्न होते ते प्रमाण म्हणूनच उत्पन्न होते. त्याच्या खरेपणासाठी बाहेरून दाखला आणावा लागत नाही, दाखला लागतो तो त्याच्या खोटेपणासाठी. आणि खोटेपणाचा दाखलाही दोनच प्रकारचा असू शकतो: एक, ज्या साधनाने ज्ञान झाले त्या साधनातच दोष सापडणे, जसा काविळीच्या डोळ्यात, दुसरा, त्या ज्ञानाला बाधणारे दुसरे बलवत्तर ज्ञान होणे, जसे शिंपेला रुपे समजल्यावर हातात शिंपच येणे. यांपैकी एकही नसता केवळ 'असे कसे असेल' म्हणून मिळालेल्या ज्ञानावर संशय घेत बसणे त्यांना मान्य नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटले नाही. ज्ञानाचे प्रामाण्यही परीक्षेनेच ठरते असा त्यांचा पक्ष, आणि त्या पक्षाचे बळ मी पुढे मान्य करणारच आहे. पण चित्र हाती येते त्या पहिल्या क्षणी कुमारिलांचाच क्रम योग्य होय. चित्र जसे आले तसे ते खरे समजावे. ते फिरवण्यास हात उचलायचा तर एक तर कॅमेरा कलला होता हे दाखवून द्यावे, नाही तर चित्रातच अशी वस्तू दाखवावी की जिच्यापुढे त्या कलाला उभे राहता येत नाही: संथ पाण्याचा काठ, टांगलेल्या घंटेची साखळी, गवंड्याने सोडलेला ओळंबा. ही दोन्ही नसता जो चित्र फिरवतो तो चित्राची दुरुस्ती करीत नाही. आपल्या आवडीला तो वस्तूचा धर्म ठरवीत असतो.

शंकराचार्यांनी आपल्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी ज्या परस्पर अध्यासाचे विवेचन केले आहे, त्याचे हे इतके उघडे उदाहरण क्वचित सापडेल. प्रथम कॅमेऱ्याचा कल मंदिरावर आरोपित होतो, आणि मंदिर कलले आहे असे आपण म्हणतो. मग तो कल काढताना आपली सरळपणाची आवड मंदिरावर आरोपित होते, आणि मंदिर सरळ आहे असे आपण म्हणतो. पहिला आरोप अजाणता घडतो, दुसरा विचारपूर्वक. आणि म्हणूनच दुसरा अधिक घातक, कारण विचारपूर्वक केलेल्या चुकीला मनुष्य निर्णय असे नाव देतो व त्यावर पुन्हा विचार करीत नाही.

येथे कोणी म्हणेल की एका अंशाने चित्र फिरवले न फिरवले, त्याचा एवढा ऊहापोह कशाला? त्याला उत्तर असे की फिरवणे फुकट होत नाही. तीनास दोन या प्रमाणाचे चित्र एका अंशाने फिरवून पुन्हा त्याच प्रमाणात चौकोनी कातरले, तर क्षेत्रफळाचा विसावा हिस्सा कोपऱ्यांच्या रूपाने जातो. दोन अंशांना जवळजवळ दहावा, आणि पाच अंशांना पाचव्याहूनही अधिक. आणि कोपऱ्यात काय असते? मंडपाच्या छायाचित्रात कोपऱ्यात असतो खांबाच्या माथ्यावर भार पेलणारा कीचक, अर्धवट पुसलेल्या शिलालेखाची शेवटची ओळ, किंवा देवाला लोटांगण घालणाऱ्या म्हातारीचे पाऊल; ज्यांना मधोमध जागा मिळाली नाही ते सारे तेथे असतात. त्याहून सूक्ष्म हानी आणखी आहे. नव्वद अंशांनी चित्र फिरवले तर प्रत्येक पिक्सेल आपली जागा सोडून नेमक्या दुसऱ्या जागी जाऊन बसतो, आणि चार वेळा तसे फिरवले की मूळ चित्र तंतोतंत परत मिळते. एका अंशाने फिरवले तर तसे होत नाही. नव्या जाळीची घरे जुन्या घरांवर बरोबर पडत नाहीत. मग नव्या घरात कोणता रंग भरायचा हे शेजारच्या जुन्या घरांच्या सरासरीने ठरवावे लागते, कधी चार शेजाऱ्यांच्या, कधी सोळांच्या, आणि याहून काटेकोर रीत घेतली तर छत्तिसांच्या. सहा हजार गुणिले चार हजारांच्या चित्रात अशी दोन कोटी चाळीस लाख घरे. त्यांतले जवळजवळ प्रत्येक घर मध्यस्थीने भरलेले. कॅमेऱ्याने पाहिले ते नव्हे, गणिताने ते तसेच असावे असा अंदाज केलेले. तेच चित्र पुन्हा उलट एका अंशाने फिरवले तर मूळ परत येत नाही, धूसरपणा तेवढा दुणावतो. ज्याला फिरवायचेच आहे त्याने आधी पूर्ण मोजावे, मनाशी पक्के करावे आणि एकदाच फिरवावे. थोडे फिरवून पाहू, पुन्हा थोडे परतवू, या चाळ्याला पाषाणाची शिल्परेषा बळी पडते.

आता मूर्तीकडे वळू. वेणू वाजवणाऱ्या कृष्णाची मूर्ती त्रिभंग असते: मस्तक एकीकडे, कटी दुसरीकडे, पाय पुन्हा पहिल्या बाजूस. यातला वाक शिल्पकाराच्या लहरीवर सोडलेला नाही. शिल्पशास्त्रात मूर्तीच्या मधून वरपासून खालपर्यंत एक दोरी कल्पिलेली असते, तिला ब्रह्मसूत्र म्हणतात. अंगाचा कोणता अवयव या दोरीपासून किती अंगुळे दूर जावा याची मोजणी असते, आणि समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग हे भेद त्या मोजणीवरच उभे असतात. म्हणजे वाकडी मूर्ती घडवण्यासाठी जो ओळंबा लागतो तोच सरळ मूर्तीसाठीही लागतो. ज्याने तो ओळंबा पाहिला नाही त्याला कृष्णाची मान कलली आहे एवढेच दिसेल. ज्याने पाहिला त्याला ती किती कलली आणि तितकीच का, हे दिसेल. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्राने तर शरीराच्या नऊ स्थितींची गणना करताना पहिली ऋज्वागत आणि लगेच दुसरी अनृजु अशी सांगितली आहे. सन्मुख सरळ उभे राहणे ही नवांतली एक स्थिती. उरलेल्या आठ तिच्या बिघडलेल्या आवृत्त्या नव्हेत. ज्या परंपरेने समचरण उभ्या राहिलेल्या विठ्ठलापुढे हात जोडले, तिनेच त्रिभंगी मुरलीधरापुढेही जोडले, आणि एकाच्या सरळपणाने दुसऱ्याच्या वाकाला कमीपणा आला असे तिला कधी वाटले नाही.

अथेन्सच्या पार्थेनॉनची हकीकत याच जातीची, फक्त उलटी आहे. फ्रान्सिस पेन्रोझ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या मंदिराची जी अतिसूक्ष्म मोजणी केली व १८५१ साली प्रसिद्ध केली, तिच्यातून असे निष्पन्न झाले की ज्याला सारे जग सरळ रेषांचे मंदिर म्हणते त्यात खरी सरळ रेषा शोधूनच काढावी लागते. खांबांखालचे जोते सुमारे एकतीस मीटरांच्या दर्शनी बाजूस मध्यावर सहा सेंटिमीटरांनी आणि जवळपास सत्तर मीटरांच्या लांब बाजूंस अकरा सेंटिमीटरांनी उचललेले आहे, आणि खांब किंचित आत झुकलेले. भिंगाने सरळ रेषा बाहेर फुगतात हा दोष सर्वांस ठाऊक असल्यामुळे, या मंदिराचे चित्र घेऊन ज्याने जोत्याची कड मोजपट्टीला लावून सपाट केली, त्याला आपण भिंगाचा दोष काढला असे समाधान वाटेल. प्रत्यक्षात त्याने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांचा हेतू पुसून टाकलेला असेल. हेतू हा दोषासारखाच दिसतो. दोघांना वेगळे ओळखण्याचा उपाय चित्रात नसतो, तो ज्याने ती वस्तू घडवली त्याच्या विद्येत असतो. आणि ती विद्या ज्याने अभ्यासली नाही त्याने मोजपट्टी हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातल्या कित्येक देवीस्थानी मूर्तीच नसते. तांदळा असतो, शेंदराच्या पुटांखाली झाकलेली एक स्वयंभू शिळा. तिला ना कड, ना कोन, ना मध्यरेषा. तिच्यावर मोजपट्टी ठेवायलाच जागा नाही. अशा चित्रात कल ठरवायचा तर तो गाभाऱ्याच्या चौकटीवरून, समईच्या खांबावरून, वरून सुटलेल्या अभिषेकपात्राच्या धारेवरून. देवी तेवढी मोजणीबाहेर राहते आणि तिच्याभोवतीचे सारे मोजले जाते. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्याला आपण पूज्य मानतो त्याच्यावर माप लावता येत नसेल, तर निदान आपण त्याच्याकडे कोठून व कसे पाहत होतो हे मोजून ठेवता येते, आणि भक्ताच्या प्रामाणिकपणाला तेवढे पुरते.

परंतु एक प्रसंग असा आहे की जेथे कल कॅमेऱ्याचा नाही, शिल्पकाराच्या हेतूचा नाही आणि दैवी स्वरूपाचाही नाही; भिंत खरोखरच ढळलेली आहे. पाया खचला, शिळा सरकली, आणि उद्या ती कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे. अशा भिंतीचे चित्र सरळ करणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. तेथे चित्र कललेलेच ठेवावे आणि गवंड्याला बोलवावे. हे मी वास्तूपुरते म्हणत नाही. धर्माच्या आणि समाजाच्या इतिहासाकडे पाहताना हीच वेळ आपल्यावर वारंवार येते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि त्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीत नाही, भिंतीत आहे, आणि तो पायापर्यंत गेलेला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी प्रार्थना समाजाच्या द्वारे आणि पुढे मराठ्यांच्या उदयाच्या इतिहासात संतपरंपरेची जी थोरवी सांगितली, तिच्यामागे दुसरा विचार होता: कालच्या रूढीची तोकडी रेषा न धरता संतांपासून चालत आलेली लांब रेषा धरा, म्हणजे घर कोणत्या बाजूस आणि किती कलले ते कळेल. दोघांचे निदान एक नव्हते, उपाय एक नव्हता; पण दोघांनीही भिंतीकडे बोट दाखवले. यांच्यापुढे अप्रामाणिक ठरतो तो तिसरा पक्ष, जो भिंत आहे तशीच ठेवतो आणि तिचे चित्र तेवढे सुबक सरळ करून लोकांपुढे मांडतो. जुन्या ग्रंथातल्या अन्यायाच्या वचनाला कौशल्याने असा अर्थ देतो की तो अन्याय कधी नव्हताच. शास्त्रार्थाच्या नावाखाली अशी पुष्कळ चित्रे फिरवली गेली आहेत, आजही फिरवली जात आहेत, आणि त्यांच्या कातरलेल्या कोपऱ्यांत कोण गेले याची चौकशी आपण करीत नाही.

इतके म्हटल्यावर नैयायिकांची देणी चुकती केली पाहिजेत. मी ओळंब्याला शेवटचा साक्षीदार मानून बोलत आलो. पण ओळंबा तरी सरळ कशावरून? ही शंका पोकळ नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची जी महान त्रिकोणमितीय मोजणी झाली, तिच्यात मध्य हिंदुस्थानातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवरून मोजले तेव्हा एक आले, आणि ताऱ्यांच्या वेधावरून काढले तेव्हा दुसरे आले. तफावत पाच विकलांहून थोडी अधिक. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट, जे धर्मोपदेशकही होते आणि गणितीही, त्यांनी हिमालयाचे प्रचंड वस्तुमान उत्तरेकडच्या ओळंब्याला आपल्याकडे ओढते या कल्पनेवरून हिशेब मांडला. तर त्यांच्या हिशेबाने ओळंबा याच्या तिपटीने ढळायला हवा होता. तो तितका ढळला नाही, याचे कारण १८५५ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवले: पर्वताखाली हलक्या द्रव्याची मुळे खोल गेलेली असली पाहिजेत. अशा रीतीने ज्या ओळंब्याने जग मापायचे तो ओळंबाच पर्वताच्या ओढीने कलतो, आणि किती कलतो हे पाहू जाता पृथ्वीच्या पोटातले रहस्य हाती लागले.

बौद्ध आचार्य नागार्जुनाने हाच आक्षेप तत्त्वाच्या पातळीवर केला होता. प्रमाणांनी प्रमेये सिद्ध होतात असे तुम्ही म्हणता. मग प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, आपोआप म्हणाल तर तुमची प्रतिज्ञाच मोडली. याला न्यायसूत्रांत गौतमाच्या नावे जे उत्तर आहे ते मला फार समंजस वाटते. ते असे की तराजू सोने तोलतो म्हणून तो कायमचा तोलणारा ठरत नाही. त्याच्या खरेपणाविषयी शंका आली तर ज्याचे वजन नक्की ठाऊक आहे अशा सोन्याने तोच तराजू तोलून पाहता येतो. प्रमाणही प्रसंगी प्रमेय होऊ शकते. कलियानाच्या ओळंब्याला ताऱ्यांनी तोलले, ताऱ्यांच्या वेधाला जमिनीवरच्या साखळीने. यात कोणतेही माप सिंहासनावर बसलेले नाही आणि कोणतेही टाकाऊ नाही. एकाची चूक दुसऱ्याने दाखवावी आणि दाखवणाऱ्याची तिसऱ्याने, असा हा व्यवहार आहे. कोणी म्हणेल की मग शेवटचा आधार राहतो कोठे? मला वाटते, आपल्याला शेवटच्या आधाराची भूक लागते ती बव्हंशी आळसापोटी. एकदाच विचारावे आणि पुन्हा विचारावे लागू नये म्हणून. यज्ञवेदी बांधण्यापूर्वी शुल्बसूत्रकारांनी सपाट भूमीत शंकू रोवून, भोवती वर्तुळ काढून, सकाळच्या आणि दुपारनंतरच्या छायेची टोके वर्तुळास जेथे टेकतात तेथे खुणा करून पूर्व दिशा काढावयास सांगितले. दिशा आपल्याला ठाऊक आहे या समजुतीवर त्यांनी एकही वीट ठेवू दिली नाही, आणि नवी वेदी मांडली की पूर्व पुन्हा साधायची.

या सर्व विचाराला कर्तव्याचे रूप कसे द्यावे हे पाहायचे असेल, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे पाहावे. १९१९ साली आरंभलेले व १९६६ साली पुरे झालेले ते कार्य म्हणजे एका अफाट कललेल्या चित्राचे शोधनच होते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून त्याची सूत्रे हाती घेतली आणि १९३३ साली आदिपर्व पुरे केले. जुन्या नकलनविसांनी, व्याकरणाला न मानवणारा आर्ष प्रयोग दिसला की तो पाणिनीच्या मापाने सरळ केला होता. दोन स्वरांमधली फट दिसली की तीत एखादे 'च', एखादे 'हि' बसवले होते. प्रत्येकाने आपापल्या परीने दुरुस्तीच केली, आणि दुरुस्तीच्या थरांखाली मूळ हरवत गेले. सुकथनकरांनी उलट वाट धरली: हस्तलिखितांच्या साक्षीने जो खडबडीत पाठ सिद्ध होतो तो खडबडीतच ठेवायचा, स्वतःच्या कल्पनेने पाठ सुधारण्याचा प्रसंग क्वचितच येऊ द्यायचा, आणि जेथे पाठ निश्चित करता येत नाही तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेषा छापायची, म्हणजे संपादकाचा हात येथे कापला होता हे वाचकाला समजेल. वगळलेले पाठही त्यांनी टाकून दिले नाहीत. ते त्याच पानावर तळाशी, आणि फार लांब असले तर परिशिष्टात ठेवले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शोधन केले तेही अशाच कळवळ्याने, आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावूनही ठेवले. पण त्यांनी कोणता शब्द कोठे बदलला याची टिपणे आपल्यापर्यंत आली नाहीत, म्हणून एवढ्या थोर अधिकारी पुरुषाच्या शोधनापाशीही अभ्यासकाला आज चाचपडावे लागते.

छायाचित्राला अजून नागमोडी रेषा नाही. सरळ केलेले चित्र सरळच दिसते. ते किती फिरवले, कोणत्या कडेच्या साक्षीने फिरवले आणि कोणता कोपरा गेला हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग चित्रात नसतो. साधने मात्र हाताशी आहेत. लाइटरूमसारखी सॉफ्टवेअरे मूळ फाइलीला हात न लावता दुरुस्तीच्या आज्ञा तेवढ्या वेगळ्या नोंदून ठेवतात. फोटोशॉपमध्येही कातरताना कोपरे नष्ट न करता चौकटीबाहेर झाकून ठेवण्याची मुभा आहे. मंदिरांची, मूर्तींची, शिलालेखांची छायाचित्रे जी संस्था जतन करील तिने अस्सल प्रत न फिरवता दप्तरी ठेवावी. सरळ केलेल्या नकलेच्या दाखल्यात कोन लिहावा, रेषा कशावर ओढली ते लिहावे, ती वस्तू सरळ मानण्याचे कारण लिहावे, आणि जेथे दोन कडांनी दोन उत्तरे दिली तेथे दोन्ही उत्तरे लिहून आपण कोणते का घेतले तेही लिहावे. 'डावा खांब घेतला नाही, कारण तो पायाशी खचलेला आहे' एवढी एक ओळ पुरते, आणि ज्याला ती पटणार नाही त्याने अस्सल प्रत काढून पुन्हा मोजावे.